चोरीचा सोनटक्का

चोरलेलं झाड लागतं आणि मागून आणलेलं मरतं, अशी त्या गल्लीची जुनी समजूत होती. तिला शेंडा ना बुडखा, हे गल्लीलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असून पाळायच्या गोष्टी माणसाजवळ थोड्या का असतात? नियम साधा होता. कुणाच्या बागेतलं रोप मनात भरलं तर तोंडाने मागायचं नाही. दुपारी जेवणं आटोपून गल्ली पेंगायला लागली की खुरपं घ्यायचं, फाटक ढकलायचं, हवं ते काढायचं आणि चालू लागायचं. घरच्या माणसाने पाहिलंच तर त्याने तोंड भिंतीकडे करायचं आणि चोर जाईपर्यंत तसंच राहायचं. पुढे कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत. आभार मानले की रोप रुसतं म्हणे.

कंपाउंडरांना हा निव्वळ गाढवपणा वाटायचा. चाळीस वर्षं त्यांनी एका दवाखान्यातल्या हातभर खिडकीमागे बसून औषधं मोजून दिली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्लीने त्यांना कंपाउंडरच ठेवलं होतं, आणि घरात चहाची साखरसुद्धा ते सपाट चमच्याने घालायचे, वरचा ढीग बोटाने सारून. अशा माणसाला नाटक जमत नाही. कुणी चोर आला की ते व्हरांड्यात वर्तमानपत्र खाली करून म्हणायचे, या, बसा, खुरपं धारेचं आहे ना, नाहीतर आमचं देतो. चोर बिचारा मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा. आतून बायको दबक्या आवाजात म्हणायची, "अहो, भिंतीकडे तोंड करा."

"का? भिंतीवर सिनेमा लागलाय?"

असं वीसेक वर्षं चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्यात मजा येत होती.

चोर यायचे ते सोनटक्क्यासाठी. घराच्या मागे कुंपणाच्या भिंतीलगत बावीस पावलांचा लांबलचक वाफा होता आणि बायकोने त्यात सोनटक्का लावला होता, गर्दी करून, पानाला पान लागेल असा. शाळेच्या फोटोत मास्तर मुलांना उभं करतात तशी तिची मांडणी: उंच मागे, मध्यम मध्ये, बुटके पुढे. मागच्या रांगेतला सोनटक्का कंपाउंडरांच्या डोक्यावर हातभर जायचा. फुलायच्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या सुमाराला पांढरी फुलं उघडायची आणि वास असा यायचा की आसपासच्या घरांतली भांडणं थोडा वेळ थांबायची. एक दांडा एकदाच फुलतो. त्याचं फुलून झालं की ती तो बुडापासून कापून टाकायची आणि म्हणायची, याचं झालं, आता मागच्याला जागा.

बागेतलं कंपाउंडरांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांचं काम बादल्या वाहण्याचं. रोज संध्याकाळी नळापासून वाफ्यापर्यंत सोळा बादल्या. थंडी पडली की मात्र बायको सुट्टी जाहीर करायची. तुमची पाठ थंडीत धरते, आता दोन-तीन महिने बादल्यांना हात लावू नका, असं म्हणायची आणि वाफ्यावर पाचोळा पसरून मोकळी व्हायची. कंपाउंडर खूश. बायकोला आपल्या पाठीची एवढी काळजी, म्हणून ते शेजारीपाजारी फुशारकीसुद्धा मारायचे. सुट्टी त्यांच्या पाठीला नसून सोनटक्क्याला आहे, जमिनीखालचे गड्डे थंडीत झोपतात आणि झोपलेल्याला पाणी पाजायचं नसतं, हे तिने त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. ती होती ना.

शेजारच्या घरात, कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, टेलरबाई राहायच्या. एकट्याच. शाळांचे गणवेश आणि लोकांचे पडदे शिवायच्या. त्यांची आणि कंपाउंडरांच्या बायकोची तीस वर्षांची मैत्री होती, आणि मैत्री म्हणजे दिवसातून दहा वेळा भिंतीशी उभं राहून सांडशीपासून सुनेपर्यंत सगळं बोलणं. कंपाउंडरांना त्या भाऊजी म्हणायच्या. सगळी गल्ली सोनटक्का चोरून गेली, पण टेलरबाईंनी कधी नेला नाही. वास भिंतीवरून फुकट येतो, मग झाड पोसू कशाला, असा त्यांचा हिशेबी जबाब असायचा.

मग बायको आजारी पडली. तपासण्या झाल्या. रिपोर्ट कंपाउंडरांच्या हातात आला आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचलेल्या माणसाला तो डॉक्टरांच्या आधी कळला. सहा महिने, फार तर. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की अशक्तपणा आहे, टॉनिकने जाईल. आणि खरोखरच एक टॉनिक बनवलं. साखरेचा पाक, थोडा संत्र्याचा रंग, चवीला थोडं आलं. बाटलीवर कागदाची पट्टी लावून खुणा केल्या, दोन चमचे सकाळी, दोन रात्री. बायको तीन महिने ते निमूटपणे घेत राहिली.

हे ओझं एकट्याने वाहवेना म्हणून एका दुपारी भिंतीशी उभं राहून त्यांनी टेलरबाईंना सगळं सांगितलं. रडलेही. तिला कळता कामा नये, अशी शपथ घातली. टेलरबाईंनी शपथ घेतली आणि महिनाभर पाळली. मग एकदा बायकोने त्यांना सरळ विचारलं, की मला काय झालंय, तू तरी खरं सांग. तीस वर्षं जिच्याशी खोटं बोलायची वेळ आली नव्हती तिच्याशी त्या दिवशी टेलरबाईंना बोलता आलं नाही.

त्या रात्री कंपाउंडर टॉनिकचा चमचा घेऊन गेले तेव्हा बायको म्हणाली, "हे पुरे झालं आता. गोड फार करता तुम्ही."  तेवढ्यावरून त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते टेलरबाईंच्या दारात गेले आणि म्हणाले की यापुढे आमच्या घराची पायरी चढायची नाही. टेलरबाईंच्या हातात कात्री होती, कापड अर्धं कापलेलं होतं.  कंपाउंडर रागाने थरथरत होते आणि मनातून त्यांना बरंही वाटत होतं, कारण एवढ्या मोठ्या दुःखात कुणावर तरी रागवायला मिळालं होतं. माणूस असाच असतो, त्याला काय करणार.

पुढचे दिवस कंपाउंडरांचे बायकोच्या उशापायथ्याशी गेले. तिला भरवणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. तिचा पलंग त्यांनी मागच्या खोलीत हलवला होता, एक बाजू भिंतीला लागून आणि दुसऱ्या बाजूला वाफ्यावर उघडणारी खिडकी. सोनटक्का ऐन बहरात यायचे ते दिवस. रोज संध्याकाळी ती विचारायची, "पाणी घातलंत का?"

"घातलं," ते म्हणायचे.

एक बादलीसुद्धा घातली नव्हती. सोळा बादल्या म्हणजे पाऊण तास, आणि पाऊण तास तिला एकटं सोडायची त्यांची तयारी नव्हती. बाहेर पानांच्या कडा करपल्या, कळ्या उघडायच्या आधीच गळायला लागल्या. खिडकीतून तिला फक्त शेंडे दिसत. शेंडे अजून हिरवे होते, तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

औषध आणायला ते दुपारी अर्ध्या तासासाठी बाहेर पडायचे, तेवढंच काय ते. एका दुपारी डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून सांगितलं की आता दोन-चार दिवस. ते ऐकून त्यांना घरी जाववेना. दवाखान्याच्या अंगणात एक बाक होता. त्यावर ते बसून राहिले, रडून घेतलं, तोंड धुतलं, परत रडले. घरी पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

त्यांनी हाक मारली. तिने मान वळवली नाही. झोपली असावी, किंवा नसावी. ज्या बाईला पाण्याचा पेला धरता येत नव्हता ती आपण होऊन कुशीवर वळली, त्यांच्याकडे पाठ करून. कंपाउंडर खुर्चीवर बसले आणि त्यांना वाटलं की कळलं हिला. टॉनिकचं तर कळलंच होतं, आता पाण्याचंही कळलं, आणि आपण तिला एकटं टाकून बाकावर बसलो होतो तेही कळलं. तिला आपलं तोंड बघायचं नाही. त्यांना अपराधी वाटलं आणि त्याहून जास्त, आता कबूल करायला हरकत नाही, त्यांना राग आला. एवढं केलं, एवढं जागलो, आणि शेवटी हे? दर दोन तासांनी कूस बदलणारा तो माणूस त्या संध्याकाळी हाताची घडी घालून तिच्या पाठीकडे बघत बसला. सकाळी दवाखान्यातून नर्सबाई आली, तिने वळवलं. तोवर बायकोची शुद्ध गेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ती पाठ कंपाउंडरांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यावर त्यांनी एकच उपाय केला, पाणी. ती गेली त्याच्या पाचव्या दिवसापासून रोज संध्याकाळी सोळा बादल्या. करपलेला सोनटक्का तरारला, उरलेल्या चार कळ्या फुलल्यासुद्धा. फुलून झालेले दांडे ती कापायची, पण तिने बघितलेला दांडा कापायचा म्हटलं की यांचा हात चालेना, म्हणून सगळे तसेच उभे राहिले. मग थंडी आली. गल्लीत लोक कुडकुडत आत बसले आणि कंपाउंडर कानाला मफलर बांधून बादल्या वाहत राहिले. पाठ धरली. त्यांनी ती धरू दिली. सुट्टी घ्यायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेलं मोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. अति तिथं माती म्हणतात. इथे तर मातीत आणखी पाणी होतं.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात असायची. दर रविवारी तिचा फोन यायचा, तब्येत कशी, जेवता का, आणि शेवटी आईचा सोनटक्का कसा आहे. जोरात आहे, असं ते सांगायचे. थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी ती म्हणाली की तिने नवं घर घेतलंय, मागे थोडी जागा आहे, आणि भिंतीलगत आईसारखाच वाफा करायचाय. आणखी दोन रविवारांनी ती स्वतः येणार होती, गड्डा न्यायला. बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. "आईचं तेवढं एक तरी माझ्या दाराशी असू दे, बाबा."

फोन ठेवून कंपाउंडर वाफ्याकडे गेले. एव्हाना जमिनीतून लालसर कोंब वर यायला हवे होते. बावीस पावलांत एकही नव्हता. उभे दांडे कधीच कोसळले होते. आठवडाभर त्यांनी वाट बघितली, मग खुरपं घेऊन बसले आणि खणलं. हाताला गड्डा लागला, तो दाबल्याबरोबर फुटला, आतून काळपट पाणी आलं आणि घाण वास. दुसरीकडे खणलं, तिसरीकडे खणलं. त्या वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते गुडघ्यांवर सरकत गेले. जिथे हात घालावा तिथे चिखल आणि लगदा. बावीस पावलं संपली तेव्हा ते तिथेच मातीत बसले. माणसाचे किती दिवस उरलेत हे ज्याला रिपोर्टवरून कळायचं त्याला आपल्या हाताखाली अख्खा वाफा मरतोय हे चार महिने कळलं नव्हतं. तिची बाग त्यांनी स्वतःच्या हाताने मारली होती आणि लेकीला जोरात आहे म्हणून सांगितलं होतं.

लेक यायला सहा दिवस उरले. गल्लीत ज्यांनी ज्यांनी सोनटक्का नेला होता त्यांची कंपाउंडरांनी मनातल्या मनात यादी केली. एकाने घर विकलं होतं, एकाने बागेवर गाडी ठेवायला फरशी घातली होती, तिसऱ्याकडे तो कधी लागलाच नव्हता. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे कुंडीत होता, तो शेळीने खाल्ला. असं करत करत गल्ली संपली.

आणि मग शुक्रवारी सकाळी दात घासताना त्यांची नजर सहज कमरेएवढ्या भिंतीवरून पलीकडे गेली. टेलरबाईंच्या मागच्या अंगणात, छपराच्या आडोशाला, एक फुटका पत्र्याचा टब होता. टबात पाच कोंब होते, दोन त्यांतले वीतभर उंच, पानं नुकती उलगडत असलेली. ती पानं त्यांनी वीस वर्षं बादल्या वाहताना बघितली होती. चूळ तोंडातच राहिली.

आधी आला तो राग. या बाईने तर कधी नेला नव्हता. मग आला कधी? बायको धडधाकट असताना नक्की नाही, तसं असतं तर दोघींनी भिंतीशी हसून हसून गल्ली डोक्यावर घेतली असती. म्हणजे ती आजारी पडल्यावर. किंवा गेल्यावर. शपथ मोडली ती मोडली, वर मरणाच्या घरात चोरी. कंपाउंडर दिवसभर घरात फेऱ्या मारत होते. भांडायला जावं तर रविवारी लेक येणार. मागायला जावं तर ज्या तोंडाने पायरी चढू नका म्हटलं त्याच तोंडाने मागायचं. दुपारी तीन वाजता त्यांनी खुरपं उचललं. जन्मभर ज्या गोष्टीला हसले ती करायला ते निघाले. भिंतीच्या एका कोपऱ्यात दोन विटा पडलेल्या होत्या, तिथून त्यांनी एक पाय टाकला, मग दुसरा. सत्तरीला टेकलेल्या चोराला जेवढ्या कमी आवाजात जाता येतं तेवढ्या आवाजात ते गेले.

टेलरबाई मागच्या दारातच बसल्या होत्या, मांडीवर पडदा घेऊन हाताने टाके घालत. दोघांची नजरानजर झाली. कंपाउंडरांच्या हातात खुरपं, लपवायला जागा नाही. टेलरबाई उठल्या, स्टूल उचलून फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पुन्हा टाके घालायला लागल्या.

कंपाउंडर टबाशी उकिडवे बसले. खुरपं पत्र्याला लागून वाजत होतं.

"खालून घ्या," मागे न बघता टेलरबाई म्हणाल्या. "डोळे तुटतील नाहीतर."

खरं म्हणजे घरच्या माणसाने बोलायचंही नसतं. त्या बोलल्या म्हणून यांनाही राहवलं नाही. सकाळपासून घोळवलेलं सगळं भांडण एका प्रश्नात आलं. "हा कधी नेलात तुम्ही?"

टाके थांबले. "तुम्ही दवाखान्यात गेला होतात ना, उशीर झाला होता, त्या दुपारी."

"माझ्या घरात आलात?"

"घरात नाही. तुम्ही पायरी चढू नका म्हणालात, मी नाही चढले. खिडकीचं तुम्ही काही म्हणाला नव्हतात." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "रोज यायचे मी खिडकीशी. तुम्ही औषधाला गेलात की."

कंपाउंडर खुरपं धरून तसेच बसले. टेलरबाईंच्या पाठीकडे बघत ते ऐकत होते. त्या हळूहळू सांगत होत्या, मध्येच उगाच सुईत दोरा घातल्यासारखं करत होत्या. त्या दुपारी बायकोनेच म्हटलं होतं, की एक गड्डा काढून ने.

"म्हणाली, हे रोज पाणी घातलं म्हणतात आणि संध्याकाळी वास येत नाही. मी काही म्हणत नाही, त्यांना माझंच करून होत नाही. पण मी गेले की बघ, इतकं घालतील की कुजवून टाकतील. तुझ्याकडे एक असू दे."

कंपाउंडरांनी खुरपं खाली ठेवलं.

"मी म्हटलं बरं. तर तिने पलंगाचा गज धरला आणि वळली. भिंतीकडे. किती वेळ लागला तिला. मी म्हणत होते, अगं राहू दे, कसली चोरी, तूच तर देतेयस. म्हणाली, दिलेला लागत नाही."

  कंपाउंडरांना पुढचं ऐकायचं नव्हतं आणि ऐकल्याशिवाय जाताही येणार नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग?"

"मग माझं काढून झालं. मी खिडकीशी येऊन म्हटलं, झालं गं. तिला परत वळता येईना. तिकडे ओढायला गज होता, इकडे यायला काही नव्हतं. मी म्हटलं, आत येते, वळवते. नको म्हणाली. हे एवढ्यात येतील, ते वळवतील, तुला बघितलं तर उगाच बोलतील." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी उभी होते तिथे. तीन वाजल्यापासून. बोलत होते तिच्याशी. नंतर ती बोलेनाशी झाली, मला वाटलं डोळा लागला. तुमचं फाटक वाजलं तेव्हा निघाले. आता हे आले, आता वळवतील म्हटलं."

तीनला. आणि ते साडेपाचला आले होते. अडीच तास. आणि आल्यानंतरची ती पूर्ण संध्याकाळ, ती रात्र.

"मी नाही वळवलं," कंपाउंडर म्हणाले. "मला वाटलं, तिला माझं तोंड बघायचं नाही."

तेव्हा टेलरबाईंनी नियम मोडला आणि मागे वळून बघितलं. कंपाउंडर टबाशी मातीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे. रडत नव्हते. चेहरा असा झाला होता की टेलरबाईंना ते रडतील तर बरं असं वाटलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. सहा महिन्यांनी म्हणाल्या. "मी यायला हवं होतं आत. तुम्ही काय, बोलला असतात चार शब्द. मी यायलाच हवं होतं."

दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला असं म्हटलं नाही की जाऊ द्या, तुमची चूक नव्हती. दोघांनाही ते खरं वाटलं नसतं. थोड्या वेळाने टेलरबाई उठून आल्या, खुरपं घेतलं आणि स्वतःच गड्डा सोडवला, तीन डोळ्यांचा, ओल्या कापडात गुंडाळला आणि टबाच्या काठावर ठेवला. मग परत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. कंपाउंडरांनी तो उचलला. आभार मानायचे नसतात म्हणून मानले नाहीत.

शनिवारी त्यांनी वाफ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी साचत नाही तिथे, गड्डा दोन भाग करून हातभर अंतरावर लावला. दोन्हींना मिळून एक तांब्या पाणी घातलं. आणखी घालावं असं फार वाटलं. बादली उचलून त्यांनी न्हाणीघरात ठेवली आणि दार लावून घेतलं.

रविवारी लेक आली. चहा झाल्यावर कंपाउंडर तिला मागे घेऊन गेले आणि उजाड वाफा दाखवला. सोनटक्का जोरात आहे हे खोटं होतं, तो मी मारला, असं सांगितलं. आजारपणात पाणी घातलं नाही ते सांगितलं, नंतर किती घातलं ते सांगितलं. टेलरबाईंशी कसं वागलो तेही सांगितलं. लेक ऐकत राहिली, एकदा तिने डोळे पुसले. भिंतीचं मात्र त्यांना सांगता आलं नाही. जीभ तिथपर्यंत जायची आणि परत यायची.

"हे दोन आहेत," ते म्हणाले. "एक तुझा. खुरपं तिथे आहे. मी आत जातो."

लेकीला लहानपणापासून नियम ठाऊक होता, आणि बाबांनी तो कधी पाळला नव्हता हेही. तिने त्यांच्याकडे जरा नवलाने बघितलं.

मागच्या खोलीत पलंग तसाच होता. कंपाउंडर त्यावर आडवे झाले, गज धरून भिंतीकडे वळले आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर येईल असा हात ठेवला. भिंतीवर काही नव्हतं. एके ठिकाणी रंगाचा पोपडा निघाला होता आणि त्याखाली जुना पिवळा रंग दिसत होता. बाहेर खुरप्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, कारण लेकीला सवय नव्हती. चौथ्या मिनिटाला अंगाखालचा खांदा दुखायला लागला. सातव्या मिनिटाला हाताला मुंग्या आल्या. त्यांना वळता येत होतं. ते वळले नाहीत. पाठीमागून खिडकीतली उजेडाची तिरीप येत होती, आणि कोण आलं, कोण गेलं, काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"झालं, बाबा," लेक खिडकीतून म्हणाली. त्यांनी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग पायऱ्या चढून आत आली आणि मातीने भरलेल्या हातांनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना आपल्याकडे वळवलं. उशी ओली झाली होती.

"कधीपासून असे पडलाय?" तिने विचारलं.

कंपाउंडरांनी घड्याळ बघितलं.

"अकरा मिनिटं," ते म्हणाले.